हातात लाठी, समोर एके-४७ : जावळीच्या तुकाराम ओंबळेंची गोष्ट

केडंबे (ता. जावळी) : मेढ्याच्या पुढे केळघरकडं निघालं की डोंगर जवळ येतात आणि शेतं लहान होत जातात. याच भागात केडंबे हे छोटं गाव आहे. नकाशात शोधायला गेलं तर बोट दोनदा फिरवावं लागेल. पण २६ नोव्हेंबर जवळ आला की या गावाचं नाव टीव्हीवर येतं, मोबाईलवर येतं, दिल्लीतल्या माणसाच्या तोंडीही येतं. कारण मुंबईवर झालेल्या हल्ल्यात अजमल कसाबला जिवंत पकडून देणारे सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम गोपाळ ओंबळे याच गावचे.

स्टेटसला फोटो ठेवणारे पुष्कळ आहेत. त्या रात्री नेमकं काय झालं, ते कसं झालं आणि त्यातून देशाला काय मिळालं, हे मात्र नव्या पोरांना नीट माहीत नसतं. २००८ साली जी पोरं पाळण्यात होती ती आज पोलीस भरतीच्या मैदानावर धावतायत. त्यांना तर हे माहीत असायलाच पाहिजे.

डोंगरातलं गाव, मुंबईची वाट

जावळी तालुका म्हटलं की इतिहासातली जावळीची मोहीम आणि प्रतापगडाचा परिसर आठवतो. पण इतिहास मोठा असला तरी जमीन थोडीच. पावसाळ्यात पाऊस इतका की बांध राहत नाहीत, आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण. भात, नाचणी, वरी ही इथली पिकं. उतारावरच्या तुकड्यांत भावाभावांच्या वाटण्या झाल्या की एकाच्या वाट्याला येतं तरी किती?

म्हणून या खोऱ्यानं पिढ्यानपिढ्या मुंबईची वाट धरली. कुणी गिरणीत गेलं, कुणी गोदीत, कुणी मशीद बंदरला पाठीवर गोणी वाहिली. मुंबईच्या माथाडी कामगारांत जावळी आणि पाटणची माणसं मोठ्या संख्येनं आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याची छाती-उंची बसली तो सैन्यात किंवा पोलिसात गेला. सातारा जिल्ह्यात वर्दीला मान आहे. घरात एक तरी फौजी असावा असं इथल्या आईबापाला वाटतं, आणि त्यामागं पगार जसा आहे तसा अभिमानही आहे.

तुकाराम ओंबळे असेच शेतकऱ्याच्या घरात वाढले. लहानपणी गुरं राखली, आंबे विकले, असं गावातली जुनी माणसं सांगतात. मोठ्या ओळखी नाहीत, पाठीशी पैसा नाही. डोंगरातल्या बहुतेक घरांची असते तशीच परिस्थिती. पुढं ते मुंबई पोलीस दलात आले आणि पायरी पायरीनं चढत सहायक पोलीस उपनिरीक्षक झाले.

हे पद काय असतं ते सांगायला हवं. शिपाई, मग हवालदार, आणि त्यावर सहायक पोलीस उपनिरीक्षक. परीक्षा देऊन थेट फौजदार होणारे वेगळे. बहुतेक सहायक उपनिरीक्षक वर्षानुवर्षं रस्त्यावर राबून या पदाला पोचलेले असतात. रात्रपाळी, बंदोबस्त, गणपती, मोर्चे, पंचनामे हे सगळं त्यांच्या अंगावरून गेलेलं असतं. पोलीस ठाण्याचा खरा भार हीच माणसं वाहतात. पेपरात नाव येतं ते साहेबांचं.

नोव्हेंबर २००८ मध्ये ओंबळे मुंबईच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पोलीस ठाण्यात नेमणुकीला होते. पोलिसांच्या बोलण्यात हे डी. बी. मार्ग पोलीस ठाणं. ग्रँट रोड, ऑपेरा हाउस, गिरगाव चौपाटी हा सगळा त्यांचा इलाखा. घरी पत्नी आणि मुली. नोकरीची थोडीच वर्षं राहिलेली.

बुधवारची रात्र

२६ नोव्हेंबर २००८, बुधवार. पाकिस्तानातल्या कराचीहून समुद्रमार्गे निघालेले दहा अतिरेकी रात्री मुंबईच्या किनाऱ्याला लागले. वाटेत त्यांनी कुबेर नावाची भारतीय मासेमारी बोट ताब्यात घेतली होती आणि तिच्यावरच्या खलाशांना मारून टाकलं होतं. कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीजवळ रबरी होडीतून ते उतरले. तिथल्या कोळी माणसांना ही पोरं खटकलीही होती. पण पाठीवर पिशव्या घेतलेली तरुण पोरं म्हणजे काय भानगड असेल, हे कोण ओळखणार?

दहा जणांच्या पाच जोड्या झाल्या. ताज हॉटेल, ओबेरॉय-ट्रायडेंट, लिओपोल्ड कॅफे, नरिमन हाउस आणि छत्रपती शिवाजी टर्मिनस ही ठिकाणं आधीच ठरलेली होती. सीएसटीला गेलेली जोडी म्हणजे अजमल कसाब आणि अबू इस्माईल.

सीएसटीचा मेन लाइनचा हॉल आपल्या माणसांना अनोळखी नाही. गावाकडं जाणारी, गावाकडून आलेली माणसं तिथं बोचक्यांवर बसलेली असतात. रात्री पावणेदहाच्या सुमारास या दोघांनी तिथं हातबॉम्ब टाकले आणि एके-४७ रायफलींनी गोळीबार सुरू केला. पन्नासहून जास्त माणसं तिथंच गेली आणि शंभरच्या आसपास जखमी झाली. ज्यांच्याकडं विमानाचं तिकीट नसतं अशीच ही सगळी माणसं होती. रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे तिथं धावून गेले आणि शहीद झाले. स्टेशनच्या उद्घोषकानं जीव धोक्यात घालून माईकवरून लोकांना बाहेर पडायला सांगितलं, म्हणून आणखी कितीतरी जण वाचले.

सीएसटीतून बाहेर पडून दोघं मागच्या बाजूनं कामा हॉस्पिटलकडं गेले. ते बाया-बापड्यांचं आणि लेकरांचं सरकारी रुग्णालय. तिथं परिचारिकांनी दिवे बंद केले, दारं लावून घेतली आणि बाळंतिणींना सांभाळलं. तिथल्या चकमकीत फौजदार प्रकाश मोरे आणि शिपाई विजय खांडेकर शहीद झाले, तर सदानंद दाते हे अधिकारी जखमी झाले.

त्यानंतर कामाच्या बाजूच्या रंगभवन गल्लीत जे घडलं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. एटीएसचे प्रमुख हेमंत करकरे, अतिरिक्त आयुक्त अशोक कामटे आणि वरिष्ठ निरीक्षक विजय साळसकर एका क्वालिस गाडीतून तिथं येत होते. या दोघांनी दबा धरून गोळीबार केला. तीन अधिकारी आणि गाडीतले आणखी तीन पोलीस गेले. शिपाई अरुण जाधव तेवढे जखमी होऊन मागं पडून राहिले. अतिरेक्यांनी तीच क्वालिस पळवली तेव्हा जाधव सहकाऱ्यांच्या मृतदेहांमध्ये, हलायलाही जागा नाही असे, त्याच गाडीत होते. पुढं टायर गेल्यावर अतिरेक्यांनी गाडी सोडली आणि जाधवांनी वायरलेसवरून कंट्रोल रूमला खबर दिली.

कसाब आणि इस्माईलनं मग एक स्कोडा गाडी बंदुकीच्या धाकानं हिसकावली, मालकाला उतरवलं आणि मरीन ड्राइव्हनं ते चौपाटीच्या दिशेनं निघाले.

चौपाटीवरची नाकाबंदी

नाकाबंदी गावाकडं पण असते. दोन बॅरिकेड आडवे लावायचे, चार पोलीस उभे करायचे, दारू पिऊन गाडी चालवणारा किंवा बिनकागदाचा ट्रॅक्टर अडवायचा. बहुतेक रात्री त्यातून काही निघत नाही. पावसात, थंडीत उभं राहून पाय मोडतात इतकंच. मुंबईतही रोजची नाकाबंदी याहून फार वेगळी नसते.

त्या रात्री गिरगाव चौपाटीवर डी. बी. मार्ग पोलिसांनी अशीच नाकाबंदी लावली होती. फरक एवढाच की वायरलेसवर सतत बातम्या येत होत्या. दक्षिण मुंबईत चारही बाजूंनी गोळीबार चाललाय, मोठे साहेब गेलेत, आणि आता चंदेरी रंगाच्या स्कोडातून दोन बंदूकधारी निघालेत. इतकं कळूनही त्या पोलिसांपैकी कुणी जागा सोडली नाही. हत्यारं मोजकीच होती. अधिकाऱ्यांकडं पिस्तूल-रिव्हॉल्व्हर, बाकी बऱ्याच जणांच्या हातात लाठी. ओंबळेंच्या हातातही लाठीच होती.

मध्यरात्र उलटून गेली. साडेबाराच्या पुढं स्कोडा येताना दिसली. बॅरिकेडपासून थोड्या अंतरावर ती थांबली. पोलिसांनी दिवे बंद करून हात वर करून बाहेर यायला सांगितलं. ते ऐकायचं सोडून गाडीतल्यांनी दिवे मोठे केले, काचेवर पाणी मारलं आणि वायपर सुरू केले. आत कोण बसलंय हे बाहेरून दिसू नये ही त्यामागची चलाखी. मग ड्रायव्हरच्या जागेवरच्या इस्माईलनं गाडी वळवून पळायचा प्रयत्न केला, पण ती दुभाजकावर अडकली.

तिथून पुढचा खेळ काही मिनिटांचाच. इस्माईलनं गोळीबार केला. पोलीस अधिकारी हेमंत बावधनकर, उपनिरीक्षक भास्कर कदम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट गोळ्या झाडल्या. इस्माईल कोसळला, पुढं तो मेला. कसाब डाव्या बाजूच्या दारातून बाहेर आला. तो शरण येतोय असं क्षणभर वाटलं. पण रायफल त्याच्याकडंच होती.

पकड

ओंबळे पुढं झाले. त्यांनी कसाबच्या एके-४७ ची नळीच दोन्ही हातांनी धरली.

ज्यांनी बंदूक जवळून पाहिली नाही त्यांनी यावर जरा थांबून विचार करावा. एके-४७ चा घोडा दाबून धरला की एकामागून एक गोळ्या सुटत राहतात. समोरचा माणूस पळाला तर गोळी पाठीत बसते. लाठी उगारावी तर ती पोचेपर्यंत सगळं संपलेलं असतं. नळी धरली तर एक गोष्ट मात्र हातात येते, ती म्हणजे बंदुकीचं तोंड कुठं राहणार हे. ओंबळेंनी ते तोंड आपल्या अंगाकडं ठेवलं. कसाबनं घोडा ओढला. गोळ्या ओंबळेंच्या पोटात-छातीत शिरल्या. हात सुटले नाहीत.

मागं उभे असलेले सहकारी वाचले ते त्यामुळं. बंदूक इकडंतिकडं फिरू शकली नाही. तेवढ्या वेळात बाकीचे पोलीस कसाबवर तुटून पडले, लाठ्यांनी मारून त्याला खाली पाडलं आणि हत्यार हिसकावून घेतलं. सहायक निरीक्षक संजय गोविलकर यांनाही गोळी लागली. चिडलेले पोलीस कसाबला तिथंच संपवतील अशी वेळ आली होती. तेव्हा याला जिवंत ठेवला पाहिजे हे भान जखमी गोविलकरांनी ठेवलं आणि इतरांना आवरलं. या गोष्टीची आठवण फार कमी वेळा काढली जाते. ओंबळेंनी जीव देऊन जे हाती आणून दिलं, ते गोविलकरांनी हातातून जाऊ दिलं नाही.

कसाबला नायर रुग्णालयात नेलं. ओंबळेंना वाचवता आलं नाही.

हॉटेलांतली आणि नरिमन हाउसमधली चकमक पुढं २९ नोव्हेंबरच्या सकाळपर्यंत चालली. एकूण १६६ जणांचा जीव गेला. दहापैकी नऊ अतिरेकी मेले. जिवंत हाती लागला तो एकच, आणि तो पकडला गेला चौपाटीवरच्या त्या काही मिनिटांत.

एक जिवंत माणूस पकडल्यानं काय झालं?

पारावर बसून कुणीतरी म्हणतोच की त्याला पकडून काय केलं, चार वर्षं जेलात पोसलाच ना. बोलणं सोपं आहे. पण हिशोब मांडून बघा.

या दहा जणांकडं खोटी ओळखपत्रं होती. त्यावर भारतीय नावं, भारतीय कॉलेजांची नावं घातलेली. दहाही जण मेले असते तर आधी हीच कार्डं पुढं आली असती. हे लोक कुठले, कुणी पाठवले, यावर वर्षानुवर्षं वाद झाले असते. आपल्याच देशातली माणसं एकमेकांकडं संशयानं बघत बसली असती, आणि ज्यांनी हे घडवलं ते कानावर हात ठेवून मोकळे झाले असते.

कसाब जिवंत सापडला आणि बोलू लागला. तो पाकिस्तानातल्या पंजाब प्रांतात ओकारा जिल्ह्यातल्या फरीदकोट गावचा. लष्कर-ए-तोयबानं प्रशिक्षण कुठं दिलं, बोट कशी मिळाली, फोनवरून आदेश कोण देत होतं, सगळ्याचे धागे जुळत गेले. पाकिस्तान सुरुवातीला हा आमचा माणूसच नाही म्हणत होता. जानेवारी २००९ मध्ये त्याला तो आपला नागरिक असल्याचं मान्य करावं लागलं. फेब्रुवारीत कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजल्याचंही तिथल्या सरकारनं कबूल केलं. जगासमोर भारताची बाजू पक्की झाली ती एका जित्या माणसामुळं.

खटलाही नीट कायद्यानं चालला. आर्थर रोड जेलमध्ये खास न्यायालय बसवलं गेलं. न्यायाधीश एम. एल. ताहिलयानी, सरकारी वकील उज्ज्वल निकम. आरोपपत्र अकरा हजारांहून जास्त पानांचं. शेकडो साक्षीदार उभे राहिले, त्यात चौपाटीवरचे पोलीस होते आणि सीएसटीवर पायात गोळी लागलेली लहान मुलगीही होती. कसाबला वकील मिळाला, अपील करायला मिळालं.

६ मे २०१० ला फाशीची शिक्षा झाली. २१ फेब्रुवारी २०११ ला मुंबई उच्च न्यायालयानं आणि २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. २१ नोव्हेंबर २०१२ च्या सकाळी पुण्याच्या येरवडा जेलात त्याला फाशी दिली. ओंबळेंना जाऊन चार वर्षं व्हायला तेव्हा सहा दिवस बाकी होते.

प्रकरण अजून संपलेलं नाही. या कटातला आरोपी तहव्वूर राणा याला अमेरिकेतून एप्रिल २०२५ मध्ये भारतात आणलं गेलं. चौपाटीवर धरलेली ती नळी इतक्या लांबपर्यंत पोचलीय.

लाठीचा प्रश्न

ओंबळेंच्या शौर्याला सलाम करताना एक गोष्ट दाबून टाकता येणार नाही. मुंबईसारख्या शहरात, हल्ला सुरू होऊन अडीच तास उलटून गेल्यावरही, अतिरेक्यांना अडवायला उभ्या असलेल्या पोलिसाच्या हातात लाठी का होती?

हल्ल्यानंतर राज्य सरकारनं माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या चौकशीत पोलिसांची तयारी कुठं कमी पडली ते बाहेर आलं. गोळ्यांचा पुरेसा साठा नव्हता, त्यामुळं नेमबाजीचा सरावही नीट होत नव्हता. यंत्रणेला आधी मिळालेले इशारे होते, पण त्यांची कडी खालपर्यंत जुळली नव्हती. पुढं राज्यानं फोर्स वन हे खास दल उभं केलं, नवी हत्यारं आणि जाकिटं घेतली गेली, मुंबईत कॅमेऱ्यांचं जाळं बसलं, किनाऱ्यावर गस्त वाढली.

हे सगळं झालं ते चांगलंच झालं. पण ते आधी झालं असतं तर कितीतरी घरातली माणसं आज हयात असती. शेतकऱ्याला हे पटकन कळतं. धरण फुटल्यावर भिंतीची तपासणी होते, पण तोवर रान वाहून गेलेलं असतं. शूर माणूस यंत्रणेची उणीव आपल्या अंगावर घेतो आणि निभावून नेतो, म्हणून उणीव माफ होत नाही. ओंबळेंचा फोटो लावणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्यानं, आपल्या तालुक्यातल्या पोलीस ठाण्यात किती माणसं कमी आहेत, त्यांची घरं गळतायत का, त्यांना सुट्टी मिळते का, हेही एकदा जाऊन विचारावं. त्या रात्री चौपाटीवर उभे होते ते असेच रोज रस्त्यावर उभे राहणारे पोलीस.

अशोकचक्र, पुतळा आणि एक कोळी

२६ जानेवारी २००९ ला ओंबळेंना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आलं. रणांगणावर जसं परमवीर चक्र, तसं शांततेच्या काळातलं हे सगळ्यात मोठं शौर्यपदक. दिल्लीत राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते ते त्यांच्या पत्नीनं स्वीकारलं. त्याच दिवशी करकरे, कामटे, साळसकर, तसंच एनएसजीचे मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंदर सिंह बिष्ट यांनाही अशोकचक्र मिळालं. आयपीएस अधिकारी, लष्करातला मेजर आणि नाकाबंदीवरचा सहायक उपनिरीक्षक एकाच रांगेत बसले. हुद्द्याची उतरंड त्या दिवशी कामाला आली नाही.

गिरगाव चौपाटीजवळ, जिथं ते पडले त्या भागात, ओंबळेंचा पुतळा उभा आहे. मुंबईला गेलात तर मरीन ड्राइव्हवर फोटो काढून परत फिरू नका, दहा पावलं पुढं जाऊन तिथंही हात जोडा.

आणखी एक आठवण वेगळीच आहे. ठाणे-कल्याण परिसरात संशोधकांना उडी मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात सापडली. २०१९ मध्ये त्यांनी तिचं शास्त्रीय नाव ठेवलं आयसियस तुकारामी. हे कोळी जाळं विणून भक्ष्याची वाट बघत बसत नाहीत. समोर दिसलं की झेप घेऊन पकडतात. नाव ठेवणाऱ्यांनी नाव बरोबर निवडलं. जगात कुठंही या कोळ्यावर अभ्यास होईल तेव्हा जावळीच्या या माणसाचं नाव लिहावंच लागेल.

केडंब्यात त्यांचं स्मारक व्हावं ही गावकऱ्यांची मागणी जुनी. मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारनं त्यासाठी १३ कोटी ४६ लाख रुपयांना मंजुरी दिली. म्हणजे घटनेला सोळा वर्षं उलटून गेल्यावर. मंजुरी झाली म्हणजे काम झालं असं नसतं, हे गावाकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. काम दर्जेदार होतंय का, वेळेत होतंय का, यावर गावानं आणि तालुक्यानं डोळा ठेवायला हवा. नुसता चौथरा आणि पुतळा बांधून भागणार नाही. तिथं पोरांना अभ्यासाला जागा मिळाली, भरतीच्या तयारीला मैदान मिळालं, तर त्या पैशाचं चीज होईल.

बाकीची नावंही लक्षात ठेवा

त्या हल्ल्यात ओंबळेंबरोबर इतरही पोलीस आणि जवान शहीद झाले. मोठ्या अधिकाऱ्यांची नावं सगळ्यांना पाठ आहेत. पण उपनिरीक्षक बापूसाहेब दुरुगडे, बाळासाहेब भोसले, जयवंत पाटील, योगेश पाटील, अरुण चित्ते, अंबादास पवार, एम. सी. चौधरी, होमगार्ड मुकेश जाधव ही नावं किती जणांना सांगता येतील? राज्य राखीव दलाचे राहुल शिंदे सोलापूर जिल्ह्यातल्या सुलतानपूरचे. ताज हॉटेलात लढताना ते गेले. वय अगदी कोवळं. यातली किती घरं अशाच कुठल्यातरी गावातली, कोरडवाहू जमिनीवरची आहेत हे नावं वाचतानाच कळतं.

२१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो. १९५९ साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज इथं चिनी सैन्याच्या गोळीबारात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान शहीद झाले, त्यांच्या आठवणीत तो पाळला जातो. त्या दिवशी प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात वर्षभरात कर्तव्यावर गेलेल्या पोलिसांची नावं वाचली जातात. देशभरातली ती यादी दरवर्षी लांबलचक असते. नक्षलवाद्यांच्या सुरुंगात गेलेले, वाळूच्या गाडीखाली चिरडलेले, गुन्हेगाराला पकडताना भोसकलेले. त्यांतल्या बहुतेकांना अशोकचक्र मिळत नाही, पुतळा उभा राहत नाही. मुलांची फी आणि घराचा हप्ता मात्र मागं राहतो.

आपल्या गावात असं एखादं घर असेल तर २६ नोव्हेंबरला स्टेटस ठेवून झाल्यावर त्या घरी चक्कर मारायला हरकत नाही. अनुकंपाची नोकरी अडली असेल, पेन्शनचा कागद कुठल्या टेबलावर पडला असेल, तर सोबत तालुक्याला जाता येईल. ओंबळेंनी नळी धरली तेव्हा मागचे सहकारी लगेच धावून आले, म्हणून त्यांचा जीव वाया गेला नाही. आता मागं उभं राहायचं काम गावाचं आहे.